शेवटचा ट्रॅक बसला, मग राइड उघडत का नाही?

प्रश्न असा आला आहे: "मी नव्या रोलर कोस्टरची बांधकामं फोटोंवरून फॉलो करतो, परदेशातलीही आणि आपल्याकडचीही. शेवटचा ट्रॅक बसला की वाटतं, आता पंधरा दिवसांत उघडणार. मग महिनोन्‌महिने काहीच हलत नाही. काम रखडलंय की चालू आहे हे ओळखायचं कसं? आणि भारतातल्या कामांची माहिती मिळते कुठे?"

मी स्टील इरेक्शनमधला माणूस. २२ वर्षं झाली. त्यातली बहुतेक कारखान्यांच्या शेड आणि पाइप रॅक उभे करण्यात गेली, आणि चार कामं पार्कची झाली. कोस्टरचं वेड मात्र त्याच्या आधीपासूनचं. त्यामुळे मी फोटो बघतो ते खालून वर. तुम्ही बहुधा वरून खाली बघता, आणि घोटाळा तिथंच होतो.

ट्रॅक चढणं हा या कामातला सर्वात देखणा भाग, आणि तारखेचा अंदाज बांधायला सर्वात निरुपयोगी. तोवर तुकडे कारखान्यात बनून, रंगून, नंबर पडून यार्डात रचलेले असतात. फाउंडेशन तयार, क्रेन उभी, वारा पडलेला, खलाशी (म्हणजे दोर-साखळ्यांनी तुकडे उचलून बसवणारी माणसं) सरावलेले. अशा चांगल्या दिवशी तीन-चार तुकडे सहज बसतात आणि आठवड्याभरात लांबून दिसणारं चित्रच पालटतं. तुम्हाला वाटतं, काम सुसाट सुटलं. पण खरा वेळ त्याआधी जमिनीनं खाल्लेला असतो, आणि उरलेला पुढे केबल खाणार असतात. दोन्ही गोष्टी कंपाउंडबाहेरून दिसत नाहीत.

जमिनीचं एक उदाहरण देतो. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशर परगण्यात ऑल्टन टॉवर्स नावाचं पार्क आहे. झाडांच्या शेंड्यांच्या वर काही दिसता कामा नये, असं त्यांच्यावर बंधन. त्यांना आणायची होती नेमेसिस, म्हणजे ट्रॅक डोक्यावर आणि पाय खाली लोंबकळत अशी इन्व्हर्टेड कोस्टर. युरोपात बी अँड एम कंपनीची या जातीची ती पहिलीच. वर जाता येत नाही, तर खाली जाऊ, असं राइडचे डिझायनर जॉन वॉर्डली आणि मंडळींनी ठरवलं. सुरुंग लावून खडक फोडला आणि राइड खड्ड्यात बसवली. मार्च १९९४ मध्ये ती उघडली. जमिनीपासून उंची जेमतेम १३ मीटर, आणि सर्वात मोठा उतार ३१ मीटरच्या वर! म्हणजे त्या उताराचा निम्म्याहून जास्त भाग जमिनीच्या पातळीखाली आहे. पुढे १९९८ मध्ये त्याच पार्कनं ऑब्लिव्हियन केली, तीही गाडी सरळ जमिनीतल्या भोकात सोडणारी. अशा कामात पोकलेन आणि डंपर किती महिने आहेत यावरून जे कळतं, ते क्रेनवरून कळत नाही.

पुढची गंमत ऐका. हीच नेमेसिस ट्रॅक बदलण्यासाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केली आणि नवा ट्रॅक घालून १६ मार्च २०२४ ला पुन्हा उघडली. आराखडा तोच, खड्डा तोच, खडक फोडायचा नाही. तरी १६ महिने. लोक म्हणाले, नुसता ट्रॅक तर बदलायचा होता! "नुसता" म्हणणाऱ्याने एकदा जुने कॉलम काढून नव्यांची लाइन-लेव्हल मिळवून दाखवावी.

तर फोटोत पहिल्यांदा शोधायचे ते अँकर बोल्ट. काँक्रीटच्या पेडेस्टलमधून, म्हणजे कॉलमखालच्या ठोकळ्यातून, वर आलेले जाड बोल्ट, गोल किंवा चौकोनी मांडलेले. आट्यांना ग्रीस लावून वर गोणपाट किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा चढवलेला असेल, तर समजा साइटवर कोणीतरी जाणकार आहे आणि कॉलम येणार आहेत. उघडे, गंजलेले, आजूबाजूला गवत आलेलं असेल, तर ते काम खरोखर थांबलंय.

या बोल्टवरून एक प्रसंग आठवतो. पार्कचं नाव घेत नाही. फाउंडेशन दुसऱ्या ठेकेदाराकडे होतं, इरेक्शन आमच्याकडे. ओतकामाच्या वेळी बोल्ट जागेवर धरून ठेवायला स्टीलची टेम्प्लेट असते. ती पक्की वेल्ड करायची, तर त्यांनी बांधणीच्या तारेनं बांधली. व्हायब्रेटर लागला आणि सहा बोल्टांचा अख्खा संच १४ मिलिमीटर सरकला. आम्हाला कळलं ते टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीची दुर्बीण, लावल्यावर. आमचा फोरमन जुना, सगळं आयुष्य शेडवर काढलेला. तो गॅस कटर घेऊनच हजर. "साहेब, भोक वाढवू का? पाच मिनिटांचं काम." शेडच्या कॉलमला हे चालून गेलं असतं, मी स्वतः वाढवलेली आहेत. पण कोस्टरच्या बेस प्लेटला, म्हणजे कॉलमच्या तळाच्या भोकं पाडलेल्या प्लेटला, डिझायनरच्या लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नसतो. खाली जेवढं सरकलं तेवढंच ते वर ट्रॅकच्या फ्लँजपर्यंत (बोल्टनं जोडायच्या कडेपर्यंत) पोचतं, आणि तिथं बोल्टभोवती मोकळी जागा असते दोनेक मिलिमीटर. शिवाय तो जोड दिवसातून शेकडो वेळा भार घेणार आणि सोडणार, गोडाऊनच्या छपरासारखा नुसता उभा राहणार नाही. शेवटी पेडेस्टल फोडलं, सळ्या साफ केल्या, पुन्हा ओतलं. मे महिना होता, वर ढग जमायला लागलेले, आणि आमचे तीन आठवडे गेले.

त्या तीन आठवड्यांत रस्त्यावरून फोटो काढणाऱ्या पोरांनी लिहिलं, "पार्कचे पैसे संपले, काम बंद." मी जेवणाच्या सुट्टीत ते मोबाइलवर वाचत होतो. समोर ब्रेकर चालू होता.

क्रेनचं म्हणाल तर ती यायची वाट बघण्यापेक्षा ती जाते कधी ते बघा. मोठी क्रेन भाड्याची असते, भाडं महिन्याच्या किंवा शिफ्टच्या हिशेबानं, आणि ती नुसती उभी ठेवणं कोणालाच परवडत नाही. ती गेली म्हणजे उंचीवरचं काम संपलं. ती परत आली, तर मात्र विचार करा: काहीतरी खाली उतरवायचं आहे. हायड्रा, म्हणजे छोटी चाकांची क्रेन, दिसली तर त्यातून काही अर्थ काढू नका. ती यार्डात सामान हलवायला शेवटपर्यंत असतेच.

राइड कोणत्या कंपनीची, हे ट्रॅकच्या तुकड्यावरून ओळखणं हा आमच्यातला आवडता खेळ. दोन गोल रुळांच्या खाली चौकोनी पेटीसारखा जाड कणा दिसला तर बहुधा स्वित्झर्लंडची बी अँड एम. ही कंपनी ट्रॅक मात्र अमेरिकेत ओहायोमधल्या एका कारखान्यात बनवून घेत आली आहे. तो पोकळ कणा गाडी जाताना घुमतो, लांबवर गुरगुर ऐकू येते. शेजाऱ्यांची तक्रार येण्यासारखी जागा असेल तर त्यात वाळू किंवा बारीक खडी भरतात. फोटोत ट्रॅकशेजारी वाळूच्या गोणी दिसल्या तर त्या गवंड्यासाठीच असतील असं नाही.

परदेशातल्या कामांबद्दल बरंचसं कागदावरच कळून जातं. इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिलकडे बांधकामाचा अर्ज करावा लागतो आणि तो कोणालाही वाचता येतो. त्यात उंचीचे नकाशे, आवाजाचा अहवाल, झाडांची मोजणी, सगळं असतं. फक्त राइडचं खरं नाव नसतं. ऑल्टन टॉवर्स आपल्या मोठ्या राइडना 'सीक्रेट वेपन' म्हणून क्रमांक देत आलं. नेमेसिस तिसरी, ऑब्लिव्हियन चौथी, द स्माइलर सातवी. लंडनजवळच्या थॉर्प पार्कची हायपेरिया कागदोपत्री 'प्रोजेक्ट एक्झोडस' होती. नाव जाहीर व्हायच्या कितीतरी आधी तिची सुमारे ७२ मीटर उंची सगळ्यांना पाठ झाली होती. २४ मे २०२४ ला ती उघडली. मी स्वतः आवाजाचा अहवाल आधी वाचतो. कंटाळवाणा असतो, पण राइड दिवसात किती वाजेपर्यंत चालणार आणि लोक नेमकं कुठे किंचाळणार, याचा हिशेब त्यात मांडलेला असतो.

अमेरिकेत २०० फुटांपेक्षा उंच काही उभं करायचं, मग ती तात्पुरती क्रेन का असेना, तर विमान वाहतूक खात्याला कळवावं लागतं. ही नोंदही लोक शोधून काढतात. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या टॉवर ऑफ टेररची उंची १९९ फूट आणि एक्स्पेडिशन एव्हरेस्टची १९९.५ फूट का, याचं उत्तर याच नियमात आहे. २०० ओलांडले की माथ्यावर विमानांसाठी लाल दिवा लावायची वेळ येऊ शकते, आणि एव्हरेस्टच्या नकली शिखरावर लाल दिवा कसा दिसेल?

कधी कधी कागदाची गरजही लागत नाही. ओहायोमधल्या सीडर पॉइंटनं मीन स्ट्रीक ही जुनी लाकडी कोस्टर सप्टेंबर २०१६ मध्ये बंद केली आणि तोंडाला कुलूप लावलं. लोक बाहेरून बघत होते: लाकूड पाडलं जात नव्हतं, उलट त्यावर नवा स्टीलचा ट्रॅक चढत होता. जवळजवळ वर्षभर पार्क 'काही नाही' म्हणत राहिलं आणि जग फोटो बघत राहिलं. ऑगस्ट २०१७ मध्ये स्टील व्हेंजन्सची घोषणा झाली तेव्हा ती कोणाला नवी नव्हती. मे २०१८ मध्ये ती उघडली.

आता तुमचा मूळ प्रश्न. शेवटचा तुकडा बसला, वर झेंडा लावला, पेढे वाटले. मग काय चालतं?

आधी सगळ्या जोडांचे बोल्ट ठरलेल्या ताणाला आवळायचे, आणि प्रत्येकावर खूण करायची. बेस प्लेटखालच्या फटीत ग्राउट, म्हणजे पातळ सिमेंटचा मसाला, भरायचं. मग सर्व्हेवाला पुन्हा सगळा ट्रॅक मोजतो. मग इलेक्ट्रिकलवाले येतात, आणि त्यांचं काम आमच्यापेक्षा लांब चालतं. ब्रेक, चढावाची साखळी किंवा लाँच (गाडीला एकदम वेगात ढकलणारी यंत्रणा), आणि ट्रॅकभर सेन्सर. कोस्टरचा ट्रॅक ब्लॉकमध्ये वाटलेला असतो, अगदी लोकल गाडीच्या सिग्नलसारखा: एका ब्लॉकमध्ये एकच गाडी, आणि पुढचा रिकामा असल्याशिवाय मागची सुटत नाही. प्रत्येक सेन्सर मुद्दाम खोटा पाडून बघायचा, यंत्रणा गाडी थांबवते का ते तपासायचं, लिहून ठेवायचं. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं? हेल्मेटवाली तीन माणसं लॅपटॉप घेऊन बसली आहेत.

हे इतकं सावकाश का करायचं ते २ जून २०१५ ला ऑल्टन टॉवर्सच्या द स्माइलरवर दिसलं. चाचणीला सोडलेली रिकामी गाडी ट्रॅकवर अडकली होती. ब्लॉक यंत्रणेनं मागची भरलेली गाडी बरोबर थांबवली. पुढे गाडी आहे हे माणसांच्या लक्षात आलं नाही, त्यांना वाटलं यंत्रणाच चुकतेय, आणि त्यांनी तो थांबा हातानं रद्द केला. धडकेत दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. पुढच्या वर्षी न्यायालयानं मालक कंपनीला ५० लाख पौंड दंड केला. तेव्हापासून मला कोणी "टेस्टिंग किती दिवस चालवताय?" विचारलं की मी उत्तर द्यायच्या भानगडीत पडत नाही.

केबलचं झालं की गाडी पहिल्यांदा ट्रॅकवर येते, पण पळत नाही. तिच्यावर माणसाच्या हातापायांच्या पोचेएवढी चौकट बसवतात आणि विंचनं ओढत संपूर्ण ट्रॅकभर फिरवतात. कुठे कॉलम, फांदी, भिंत चौकटीला लागत नाही ना, हे बघायला. अख्खा दिवस जातो. मला हा दिवस सर्वात आवडतो. गाडी माणसाच्या चालीनं उलटी होते, आणि खाली दहा माणसं माना वर करून तोंडातून शब्द न काढता चालत असतात.

त्यानंतर पहिली खरी फेरी. त्या सुमारास हमखास एक फोटो फिरतो: गाडी दोन उंचवट्यांच्या मध्ये खळग्यात अडकलेली. खाली लिहिलेलं, "डिझाइन फसलं!" बहुतेक वेळा तसं काही नसतं. नवी बेअरिंग घट्ट असतात, ग्रीस थंड असतं, चाकांचं रबरासारखं आवरण ताठ असतं, गाडी रिकामी म्हणून हलकी, आणि समोरून वारा. म्हणून ती हळू धावते. त्याच गाडीत माणसांच्या जागी पाण्यानं भरलेले पुतळे बसवून, दुपारच्या उन्हात, शंभर फेऱ्या झाल्यावर सोडा. त्याच जागेवरून ती वेगात निघून जाते, कधी कधी इतकी की ब्रेक पुन्हा बसवावे लागतात. अडकलेली गाडी काढायला मात्र विंच आणि क्रेन लागते. वर म्हटलेली परत आलेली क्रेन, ती अशीही असू शकते.

शेवटी बाहेरच्या तपासनीसांची सही. इंग्लंडमध्ये ॲडिप्स नावाची पद्धत आहे. डिझाइन तपासणारा, बांधणी डिझाइनप्रमाणे झाली का पाहणारा, चाचणी घेणारा, असे टप्पे पार पडल्याशिवाय लोकांना बसवता येत नाही. आणि सही झाली म्हणजे सुटलो असंही नाही. सीडर पॉइंटची 'टॉप थ्रिल २' ही कोस्टर मे २०२४ मध्ये उघडली आणि आठ दिवसांत बंद झाली. गाड्यांमध्ये सुधारणा करायची म्हणून. पुन्हा लोकांना बसायला मिळालं ते २०२५ मध्ये.

खरोखर थांबलेलं काम कसं दिसतं, तेही सांगतो. ऑर्लँडोच्या एपिक युनिव्हर्सची घोषणा ऑगस्ट २०१९ मध्ये झाली, २०२० मध्ये महामारीत काम थांबलं, मार्च २०२१ मध्ये पुन्हा सुरू झालं, आणि २२ मे २०२५ ला पार्क उघडलं. अशा थांब्यात क्रेन जातात, मातीच्या ढिगांवर गवत येतं, कामगारांच्या गाड्यांचं पार्किंग ओस पडतं. तुमच्या फोटोत पार्किंग भरलेलं असेल तर काम चालू आहे. मग वर काही हलो न हलो.

आपल्याकडचं गणित वेगळं, कारण पाऊस. ब्रिटिश पार्क थंडीत बंद असतात म्हणून ते नोव्हेंबर ते मार्च चिखलात फाउंडेशन करतात. आपण मिरगाच्या आत जमिनीतून वर यायला बघतो. नाही आलो तर खड्ड्यात पाणी, पंप, आणि दसऱ्यापर्यंत हात चोळत बसणं. खोपोलीजवळच्या इमॅजिकाचंच बघा. पार्क एप्रिल २०१३ मध्ये उघडलं, आणि तिथली मोठी कोस्टर नायट्रो, सुमारे ४० मीटर उंच, बी अँड एमचीच, पाय मोकळे सोडणारी फ्लोअरलेस जातीची, त्याच वर्षी पण नंतर आली. ज्यांनी त्या दिवसांत खोपोली-पाली रस्त्यानं अष्टविनायकाच्या निमित्तानं ये-जा केली असेल, त्यांनी ते कॉलम फुकटात बघितलेत.

कागदपत्रांसाठी तीन ठिकाणं. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, आणि असे अर्ज केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर असतात. शोधायला वेळखाऊ, पण नकाशे मिळतात. दुसरं, आपल्याकडच्या दोन मोठ्या पार्क कंपन्या, इमॅजिका आणि वंडरला, शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत. दर तिमाहीला त्यांना गुंतवणूकदारांना काहीतरी सांगावंच लागतं, आणि ते जाहिरातीपेक्षा खरं असतं. चेन्नईचं वंडरला डिसेंबर २०२५ मध्ये उघडलं. तिथल्या कामाची खबर मी फोटोंपेक्षा या सादरीकरणांतूनच घेत होतो. तिसरं, सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रं. फुकट, साधारण पाच दिवसांनी नवीन. एक ठिपका १० मीटरचा असल्यामुळे ट्रॅक दिसायचा नाही, पण हिरवं जाऊन तांबडी माती कधी उघडी पडली, हे चोख दिसतं. जून ते सप्टेंबर ढग बघायची तयारी ठेवा.

एक विनंती. भिंतीवर चढू नका, आणि ड्रोन उडवण्याआधी त्या जागेला परवानगी आहे का बघा. आमच्या एका साइटवर पोरांचा ड्रोन लिफ्टिंग चालू असताना क्रेनच्या जिबच्या (हाताच्या) बाजूला आला. खलाशानं टॅगलाइन, म्हणजे तुकडा फिरू नये म्हणून बांधलेला दोर, धरलेली, वर सहा टनांचा तुकडा, आणि सगळे वर बघायला लागले. मी काम थांबवलं, अर्धा दिवस गेला. रस्त्यावरून काढा की हवे तेवढे फोटो. आम्हालाही आवडतात, घरी दाखवायला तेवढेच असतात.

आणि तुमच्या "कधी उघडणार"चं म्हणाल, तर स्टेशनच्या कोपऱ्यात माणसाच्या धडासारखे प्लास्टिकचे पुतळे रांगेत बसलेले आणि बाजूला पाण्याचा पाइप दिसला, की सुट्टीच्या अर्जाचा मसुदा करायला हरकत नाही. तारीख मात्र पेन्सिलनं लिहा.